कचेऱ्यांतील उजेड आणि निजलेलीं यंत्रें

माजघरांतला दिवा उगाच जळतांना दिसला तर घरांतील वडील माणूस उठून तो मालवितें, आणि मालवितांना दोन शब्दही सुनावितें. हा क्रम आमच्या वाचकांच्या घरोघरीं चालू असेल यांत आम्हांस शंका नाहीं. परंतु ज्यांस हे शब्द ऐकावे लागतात ते मुलगे, सुना व नातू पुण्याच्या, मुंबईच्या किंवा बंगळूरच्या ज्या कांचेच्या उंच कचेऱ्यांत दिवसाचे नऊ-दहा तास घालवितात, तेथील दिवे कोण मालवितो, सभेच्या दालनांतील पडदे, प्रोजेक्टर व ध्वनिवर्धक रात्रीं कोण बंद करितो, हा प्रश्न मात्र घरांत कोणी विचारीत नाहीं. विचारलाच, तर तिकडे सगळें आपोआप होतें असें उत्तर मिळतें. या 'आपोआप' शब्दानें आमचें समाधान होत नाहीं. जन्मभर मुलांच्या वह्या तपासल्यामुळें उत्तराबरोबर रीतही पाहावी, अशी खोड आम्हांस जडलेली आहे.

प्रथम दिव्यांचें पाहूं. जुन्या तारेच्या बल्बांत जाणाऱ्या विजेपैकीं शेंकडा पांचांच्या आसपास अंशाचाच उजेड होत असे. उरलेली सारी उष्णता. त्यानंतर आलेली नळी पुष्कळच काटकसरी खरी, पण तिच्या जोडीला 'चोक' नांवाचें जें तारेचें वेटोळें बसविलेलें असे तें स्वतःच दहा-बारा वॉट खाई. चाळीस वॉटची म्हणून आणलेली नळी प्रत्यक्षांत बावन्न वॉट घेत असे, आणि हें गिऱ्हाइकास दुकानांत कोणी सांगत नसे. आतां एल. ई. डी. दिव्यांचे दिवस आले आहेत. निळा प्रकाश देणारी चांगली एल. ई. डी. हातीं येईपर्यंत या जातीच्या दिव्यांपासून पांढरा उजेड मिळविणें शक्य होत नव्हतें. ती सिद्ध करणाऱ्या आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघां शास्त्रज्ञांना २०१४ सालचें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्याकडे ५ जानेवारी २०१५ पासून सरकारच्या 'उजाला' योजनेखालीं हे दिवे देण्यास आरंभ झाला. २०१४ सालीं घाऊक खरेदींत सुमारें ३१० रुपयांस पडणारा दिवा कांहीं वर्षांतच चाळीस रुपयांच्या आंत आला, आणि छत्तीस कोटींहून अधिक दिवे देशांत गेले.

कचेरीच्या एका दालनांत जुन्या पद्धतीच्या वीस नळ्या रोज दहा तास व वर्षांतून तीनशें दिवस जळतात असें धरूं. बावन्न गुणिले वीस म्हणजे १०४० वॉट. तीन हजार तासांचीं ३१२० युनिटें झालीं. त्यांच्या जागीं वीस वॉटच्या एल. ई. डी. नळ्या बसविल्या तर तोच आंकडा १२०० वर येतो. वांचलीं १९२० युनिटें. पण हिशेब येथें संपत नाहीं. दिव्यानें घेतलेली वीज, मग तिचा उजेड होवो कीं ऊब होवो, शेवटीं खोलींत उष्णतारूपानेंच उरते, आणि ती बाहेर काढण्यास वातानुकूलनाचें यंत्र राबतें. तें यंत्र एक युनिट विजेवर तीन युनिटें उष्णता बाहेर टाकतें असें मानलें, तर दिव्यांत वांचलेल्या १९२० युनिटांच्या पाठोपाठ तिकडेही ६४० वांचतात. एकूण झालीं २५६०. दर दहा रुपये धरला तर पंचवीस हजार सहाशें रुपये. ही एका दालनाची गोष्ट. थंड देशांत हिंवाळ्यांत दिव्याची ऊब निदान उपयोगीं तरी पडते. मुंबईस ती बारमाही तोट्याचीच.

येथपर्यंतचें गणित पुष्कळ कचेऱ्यांनीं केलेलें आहे, आणि तें केलें म्हणजे आपलें काम संपलें अशी समजूतही करून घेतली आहे. परंतु काटकसरीचा दिवा भर दुपारीं उन्हाच्या शेजारीं जळत असेल तर त्यास काटकसर कोण म्हणेल? लिहिण्यावाचण्याच्या कामास मेजावर तीनशें ते पांचशें लक्स उजेड पुरतो. बाहेर लख्ख उन्हांत तो एक लाखाच्या घरांत असतो, आणि ढगाळ दिवशींही कित्येक हजार. म्हणजे आकाशांतून फुकट येणाऱ्या उजेडाचा एक लहानसा अंश जरी नीट आंत घेतला तरी खिडकीलगतच्या मेजांना दिवसा दिव्याची गरज नाहीं.

संस्कृतांत खिडकीला वातायन व गवाक्ष असे दोन सुंदर शब्द आहेत. वातायन म्हणजे वाऱ्याची वाट. गवाक्ष म्हणजे बैलाच्या डोळ्यासारखें छिद्र; पण 'गो' शब्दाचा एक अर्थ किरण असाही आहे, तेव्हां त्यांतून कोणी किरणांच्या वाटेचा भाव काढला तर आम्हीं त्याच्याशीं भांडणार नाहीं. आजच्या कचेऱ्यांच्या कांचेच्या भिंती वातायनें तर नव्हेतच, कारण त्या उघडत नाहींत; आणि पडदे ओढल्यावर त्या गवाक्षही राहत नाहींत. पडदे कां ओढले जातात तें पाहावें. सकाळीं पूर्वेचें ऊन थेट संगणकावर पडतें, डोळे दिपतात, खिडकीपाशीं बसलेला मनुष्य पडदा ओढतो आणि दिवा लावतो. अकरा वाजतां ऊन सरतें. पडदा मात्र सायंकाळपर्यंत तसाच राहतो, व दिवाही तसाच जळतो. यांत त्या मनुष्याचा आळस पाहण्यांत अर्थ नाहीं. ज्यानें भिंतभर कांच लाविली पण ऊन अडविण्यास छज्जा ठेविला नाहीं, त्यानेंच त्याला अंधारांत बसविलें आहे.

याच अडचणीशीं न्यू यॉर्क शहरांत एका वर्तमानपत्रानें जी झुंज घेतली ती सविस्तर सांगण्याजोगी आहे. 'न्यू यॉर्क टाइम्स' पत्राची बावन्न मजली इमारत २००७ सालीं पुरी झाली. शिल्पकार इटलीचे रेंझो पियानो. त्यांस इमारत पारदर्शक हवी होती; जमिनीपासून छतापर्यंत स्वच्छ कांच, आणि तिच्या बाहेर ऊन गाळून घेण्यास चिनी मातीच्या आडव्या नळ्यांची जाळी. मालकांना भीति अशी कीं, एवढ्या कांचेंत माणसें भाजतील तरी किंवा पडदे ओढून दिवसभर दिवे तरी लावतील. मग त्यांनीं जें केलें तें आम्हांस फार आवडलें. इमारत उभी राहण्याच्या आधीं, २००३-०४ सालीं, त्यांनीं तिच्या एका मजल्याच्या कोपऱ्याचा सुमारें साडेचार हजार चौरस फुटांचा पूर्ण आकाराचा नमुना निराळ्या जागीं बांधला, त्यांत मेजें-खुर्च्या मांडल्या, आणि कॅलिफोर्नियांतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांना त्यांत उजेड मोजण्यास बसविलें. आपोआप मंद होणाऱ्या दिव्यांच्या व आपोआप उतरणाऱ्या पडद्यांच्या दोन निरनिराळ्या रचना शेजारीं शेजारीं लाविल्या होत्या. हिंवाळ्यांत सूर्य खालीं असतां काय होतें, उन्हाळ्यांत तो डोक्यावर येतां काय होतें, हें सारें नोंदलें गेलें. पुस्तकी हिशेबावर विसंबून न राहतां आधीं प्रचीति आणि मग खरेदी, असा हा क्रम होता. शिवाय नेमकें काय हवें हें आधींच ठरल्यामुळें विक्रेत्यांत चढाओढ लागली, आणि महाग म्हणून जे दिवे कोणी घेत नसे त्यांची किंमत उतरली, हा आणखी एक लाभ.

त्या इमारतींत प्रत्येक दिव्यास स्वतंत्रपणें मंद अथवा तेज होण्याची आज्ञा देतां येते. खिडकीजवळचा दिवा दुपारीं जवळजवळ विझतो, आंतल्या रांगेंतला अर्धा जळतो, आणि ढग आला कीं दोन्ही हळूहळू, कोणाच्या लक्षांतही न येतां, वर चढतात. सूर्य आकाशांत कोठें आहे याच्या गणितावरून पडदे खालीं-वर होतात. तरी ज्याला पटत नसेल त्यानें कळ दाबून आपला पडदा आपल्या मनाप्रमाणें करावा अशी मुभा ठेविली आहे. ही मुभा फार शहाणपणाची. २०१३ सालीं प्रयोगशाळेनें वसलेल्या इमारतीची पुन्हां पाहणी करून निष्कर्ष प्रसिद्ध केला: इमारत ज्या काळीं योजिली त्या काळच्या नियमांपुरतीच ती बांधली असती तर जेवढी वीज लागली असती, तिच्यापेक्षां शेंकडा २४ कमी लागते, अत्यंत मागणीच्या वेळचा भार शेंकडा २५ नें कमी, आणि हिंवाळ्यांत ऊब देण्याचा खर्च निम्म्याहून खालीं. यांत वातानुकूलनाच्या सुधारणांचाही वांटा आहे, सर्व श्रेय दिव्यांना देतां येणार नाहीं. पण दिवे व पडदे यांवांचून हें घडलें नसतें.

अशा गोष्टी अमेरिकेसच शोभतात असें ज्यांस वाटेल त्यांनीं दिल्लीस जावें. केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याची 'इंदिरा पर्यावरण भवन' ही कचेरी २५ फेब्रुवारी २०१४ रोजीं उघडली. ती सरकारच्याच बांधकाम खात्यानें बांधिली. इमारतीचें तोंड उत्तर-दक्षिण, मध्यें मोकळा चौक, त्यामुळें बहुतेक खोल्यांना दोन बाजूंनीं उजेड. वाड्यांत वाढलेल्या आमच्यासारख्यांस ही योजना ओळखीची वाटते; चौकाच्या कडेच्या ओटीवर आमच्या पिढीनें दिव्यावांचून कित्येक पुस्तकें वाचलीं. २००७ च्या नियमाप्रमाणें कचेरीच्या दर चौरस मीटर जागेस दिव्यांसाठीं सुमारें अकरा वॉटची मर्यादा होती. या इमारतींत ती पांचांवर आणिली. उजेड मोजणारीं यंत्रें दिवसा दिवे कमी करितात. छपरावर ९३० किलोवॉट क्षमतेचे सौर फलक आहेत. एल. ई. डी. त्या वेळीं आजच्याइतकी स्वस्त नव्हती, म्हणून तेथें मुख्यतः बारीक नळ्या वापरल्या. तरीही हा आंकडा साधला, कारण मूळ आराखडाच उजेडाचा विचार करून काढलेला.

आतां त्या 'आपोआप'कडे वळूं. छतावर जो लहानसा पांढरा गोळा दिसतो तो आपल्या शरीराच्या उष्णतेची हालचाल ओळखतो. शरीर हाललें कीं दिवा लागतो. ठराविक मिनिटांत हालचाल झाली नाहीं कीं खोली रिकामी आहे असें समजून तो विझतो. येथें मेख अशी कीं, त्याला मनुष्य कळत नाहीं, मनुष्याचें हालणें कळतें. गेल्या वर्षीं एका शिष्यवृत्ति-निधीची सभा आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या कचेरींत भरली होती. जमलेले सातहीजण साठीच्या पुढचे, आणि कोषाध्यक्ष जमाखर्च वाचीत होते. अशा वेळीं कोण हालणार? एकाएकीं अंधार झाला. विद्यार्थी अंधारांतूनच अदबीनें म्हणाला, "सर, जरा हात हलवा." सात वृद्धांनीं हात हलविले, दिवे लागले, आणि जमाखर्च एकमतानें मंजूर झाला.

हंसण्याची गोष्ट सोडली तरी यांतून पुढें काय होतें तें गंभीर आहे. दोन-चार वेळां असा अंधार झाला कीं कोणीतरी त्या गोळ्यावर कागद चिकटवितो, अगर देखभाल करणारास सांगून तो कायमचा बंद करवितो, आणि हजारों रुपयांचें यंत्र छतावर शोभेपुरतें राहतें. म्हणून जेथें माणसें स्थिर बसून काम करितात तेथें हालचालीबरोबर कानाला न ऐकूं येणाऱ्या ध्वनीच्या लहरी सोडून बारीक हालही टिपणारें यंत्र बसवावें लागतें. आणखी एक साधी युक्ति आहे, तिला खर्चही नाहीं: दिवा लावावयाचा तो माणसानें स्वतः कळ दाबून, विझवावयाचा तेवढा यंत्रानें. मनुष्य लावण्यास विसरत नाहीं, विझविण्यास विसरतो. यंत्रास तेवढेंच काम द्यावें. खिडकीपाशीं उजेड असेल तर तो मुळीं कळ दाबणारच नाहीं. आणि हें सर्व बसवून झाल्यावर, मेजें-कपाटें जागेवर आल्यानंतर, कोणीतरी खोलोखोलीं हिंडून यंत्रें पुन्हां जुळवून घेतलीं पाहिजेत. उजेड मोजणाऱ्या यंत्रावर दिव्याचाच प्रकाश पडत असेल तर तें आपल्याच सावलीला भ्यालेल्या घोड्याप्रमाणें वागूं लागतें. हें काम ठेकेदार बहुधा टाळतो, कारण बिल त्याआधींच मंजूर झालेलें असतें.

सभेच्या दालनांतील दृक्श्राव्य यंत्रांची कथा निराळी. दिवा जळतो तेव्हां दिसतो तरी. हीं यंत्रें निजलेलीं असतांना खातात. मोठा पडदा, ध्वनिवर्धक, कॅमेरा, एका यंत्राचें चित्र दुसऱ्यावर नेणारी पेटी, या सर्वांना ताब्यांत ठेवणारें आणखी एक यंत्र, असा हा संसार असतो. हिशेबासाठीं धरूं कीं, काम चालू असतां तो तीनशें वॉट घेतो, व निजला असतां, म्हणजे मुलें ज्यास 'स्टँडबाय' म्हणतात त्या अवस्थेंत, सर्व मिळून साठ. दालन रोज चार तास, वर्षांतून अडीचशें दिवस वापरांत आहे. वापराचे तास झाले एक हजार, त्यांत ३०० युनिटें गेलीं. वर्षाचे एकूण तास ८७६०. उरलेल्या ७७६० तासांत साठ वॉटप्रमाणें गेलीं ४६५ युनिटें आणि वर थोडीं. म्हणजे जागेपणीं जेवढें खाल्लें त्याच्या दीडपट निजेंत खाल्लें! अशीं चाळीस दालनें एका इमारतींत असलीं तर निजेचा हा शिधा अठरा हजार युनिटांच्या वर जातो.

पश्चिमेकडे ही गळती फार पूर्वींच लक्षांत आली. १९९९ सालीं आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनें निजलेल्या यंत्रानें एका वॉटहून अधिक घेऊं नये अशी योजना पुढें मांडली. २००१ सालीं अमेरिकेच्या अध्यक्षांनीं सरकारी कचेऱ्यांच्या खरेदीसाठीं तसा हुकूम काढला. युरोपीय संघानें २०१० पासून साध्या निजेस एक वॉटची व २०१३ पासून अर्ध्या वॉटची मर्यादा घातली. अर्धी मात्रा वांचविण्याचा वैयाकरणांचा सोस विद्यार्थिदशेंत आम्हांस हास्यास्पद वाटे. अर्ध्या वॉटसाठीं कायदा करणारे हे लोक त्यांचेच वंशज म्हणावयाचे. मात्र संगणकांच्या जाळ्यास जोडलेल्या यंत्रांना याहून पुष्कळ अधिक मुभा आहे, आणि कचेरींतलीं यंत्रें बहुधा त्याच वर्गांतलीं असतात. तेव्हां केवळ कायद्यानें भागत नाहीं.

मग भिंतीवरचें बटणच बंद कां करूं नये? करावें, परंतु क्रम संभाळून. जुन्या जातीच्या प्रोजेक्टरांतला दिवा अत्यंत तापलेला असतो. पडदा काळा झाल्यावरही आंतला पंखा कांहीं वेळ चालून त्यास निववितो. तो चालू असतांना वीज तोडली तर दिव्याचें आयुष्य घटतें. एकदां असा महाग दिवा गेला कीं शिपायास दटावणी मिळते, आणि तेव्हांपासून कोणी बटणास हात लावीत नाहीं. लेसर किंवा एल. ई. डी. वर चालणाऱ्या नव्या प्रोजेक्टरांस निवण्याचें हें बंधन फारसें नाहीं. जुन्यांसाठीं उपाय हा कीं, सर्व यंत्रांना ताब्यांत ठेवणाऱ्या यंत्रासच रात्रीं आठला हुकूम देऊन ठेवावा: आधीं प्रोजेक्टर निजव, दहा मिनिटें थांब, मग त्याची व ध्वनिवर्धकाची वीज तोड, सकाळीं साडेआठला जोड. ध्वनिवर्धकही पारखून घ्यावा. जुन्या पद्धतीचा ध्वनिवर्धक कोणी बोलत नसतांही वीज घेऊन तापत बसतो. 'डी' वर्गाचे नवे ध्वनिवर्धक घेतलेल्या विजेपैकीं शेंकडा नव्वदांच्या आसपास ध्वनीच्या कामीं लावूं शकतात.

दिवे आणि हीं यंत्रें यांचा परस्परसंबंध मात्र फारच थोडे लोक लक्षांत घेतात. दालनांतले सर्व दिवे एकाच बटणावर असले कीं चित्र दाखवितांना दोनच मार्ग उरतात: सर्वांना अंधारांत बसवावें, म्हणजे टिपण करतां येत नाहीं व अर्धे श्रोते पेंगतात, किंवा सर्व दिवे ठेवून त्यांच्या उजेडावर मात करणारा अधिक ताकदीचा प्रोजेक्टर विकत घ्यावा. दुकानदार दुसरा मार्ग सुचवितो यांत नवल नाहीं. वस्तुतः पडद्यासमोरची दिव्यांची एक रांग निराळ्या बटणावर घेतली कीं लहान प्रोजेक्टर पुरतो. ही तार बांधकामाच्या वेळीं ओढली तर कांहींच खर्च नाहीं; नंतर छत फोडावें लागतें. अमेरिकेंत २०१२ सालीं दृक्श्राव्य व्यवसायाच्या संघानें या यंत्रांच्या वीजवापराचें नियमन कसें करावें याचें प्रमाणपत्रक काढलें, तें याच उद्देशानें कीं विजेचा विचार मागाहून नव्हे, आराखड्यांतच व्हावा.

आपल्याकडे असें कां होत नाहीं याचें मुख्य कारण आमच्या मतें अज्ञान नव्हे. इमारत बांधतो एक, भाड्यानें घेतो दुसरा. स्वस्त दिवे व स्वस्त यंत्रें बसविल्यानें वांचलेला पैसा बांधणाराच्या खिशांत जातो. विजेचें बिल पंधरा-वीस वर्षें भाडेकरू भरतो. २००१ च्या ऊर्जासंवर्धन कायद्यास अनुसरून २००७ सालीं इमारतींसाठीं संहिता झाली, २०१७ सालीं ती कडक केली, २०२२ सालीं कायदाही सुधारला. शंभर किलोवॉट किंवा त्याहून अधिक भाराच्या इमारतींस २०१७ ची ही संहिता योजिली होती. परंतु तिची अंमलबजावणी राज्यें व नगरपालिका यांच्या हातीं आहे, आणि नकाशा मंजूर करणारा अधिकारी उंची-रुंदी मोजतो. दिव्यांच्या ओळी कोण मोजतो? भाडेकरूनें मात्र करारावर सही करण्यापूर्वीं तीन गोष्टी मागाव्या: प्रत्येक मजल्याचें निराळें मीटर, खिडकीलगतच्या दिव्यांची निराळी तार, आणि पडदे दिवसांतून एकदां तरी आपोआप वर जातील अशी योजना.

रात्रीच्या झाडलोटीचाही विचार व्हावा. एक बाई मजला झाडीत असते, आणि तिच्यासाठीं चारशें मेजांवरचे दिवे जळत असतात. कारण बटण एकच. कित्येक ठिकाणीं आतां झाडलोट सायंकाळीं पांचच्या सुमारास, लोक असतांनाच करून घेतात. त्यांत विजेबरोबर त्या बाईचें रात्रीं उशिरां घरीं जाणेंही वांचतें, आणि आम्हांस तर दुसरा लाभ पहिल्याहून मोठा वाटतो.

ज्या विद्यार्थ्याच्या कचेरींत आम्हीं हात हलविले, त्यास आम्हीं एवढेंच विचारलें होतें कीं, रविवारीं पहाटे दोन वाजतां, इमारतींत पहारेकऱ्यावांचून कोणी नसतां, तुझें मीटर ताशीं किती युनिटें पुढें जातें? त्याला सांगतां आलें नाहीं. चौकशी केल्यावर कळलें कीं, त्याच्या मजल्यास निराळें मीटरच नाहीं. सर्व मजल्यांचें एकत्र बिल क्षेत्रफळाच्या प्रमाणांत वांटलें जातें. त्यानें मालकांकडे अर्ज केला आहे. मीटर बसविण्याचें त्यांनीं मान्य केलें असून खर्च कोणीं सोसावयाचा याविषयीं पत्रव्यवहार चालू आहे.